दारात काय आहे?

खंडेनवमीला सकाळी साडेदहाच्या सुमारास, चाकणजवळच्या नाणेकरवाडीत, भैरवनाथ प्रेसिंग वर्क्सचे मालक गोरक्ष येळवंडे यांच्या फोनवर चांदीचं नाणं फुकट मिळणार असल्याचा निरोप आला. फोन त्या वेळी झेंडूच्या हाराखाली होता.

तो तिथे कसा गेला, हे सांगायला हवं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पत्रा दाबायच्या प्रेस धुतात, त्यांचे डाय म्हणजे साचे पुसतात, पान्यांना गंध लावतात आणि दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावत नाहीत. या चालीला शेडमध्ये कुणाची हरकत नव्हती. पण यंदा गोरक्षच्या आई ठकुबाईंनी हत्याराची व्याख्या जरा ऐसपैस केली होती.

"तुमी दिसभर त्या फोनवरच तर धंदा करता," त्या म्हणाल्या. "मग त्ये बी हत्यारच की. आना हिकडं."

आणि गोरक्षचा फोन, त्याच्या बायकोचा म्हणजे मंजुषाचा फोन, ऑफिसातला कंप्यूटर, की-बोर्ड आणि माऊस असे सगळे प्रेसच्या रांगेत येऊन बसले. माऊसला गंध लावताना ठकुबाई क्षणभर थांबल्या, कारण त्याचं तोंड कुठल्या बाजूला हे त्यांना कळेना. मग त्यांनी दोन्हीकडे लावलं. शेवटी त्या प्लास्टिकची खुर्ची ओढून राखणीला बसल्या.

दोन झेंडूंच्या फटीतून गोरक्षला निरोपाचा तुकडा दिसत होता. "मान्यवर पुरवठादारांना कंपनीतर्फे दिवाळी भेट. शुद्ध चांदीचं नाणं. फक्त आज दुपारपर्यंत. खालील दुव्यावर..." आणि पुढे अक्षता.

कंपनी म्हणजे मोठी कंपनी. या पट्ट्यात प्रत्येक शेडची एक मोठी कंपनी असते आणि तिचं नाव घरात नवऱ्याच्या नावासारखं शक्यतो घेत नाहीत. गोरक्ष तिला पत्र्याच्या क्लिपा पुरवायचा. गाडीच्या डॅशबोर्डमागे वायरी धरून ठेवणारी ती क्लिप गाडी घेणाऱ्याला आयुष्यात दिसत नाही, पण ती नसली तर गाडी पुढच्याच गतिरोधकावर खुळखुळ्यासारखी वाजते. पुढच्या वर्षाचं हे काम कुणाला द्यायचं, हे कंपनी दिवाळीनंतर ठरवणार होती. काम गेलं असतं तर शेडमधल्या अर्ध्याहून जास्त प्रेसना पुढच्या खंडेनवमीपर्यंत हार काढायची गरज नव्हती.

अशा वेळी कंपनी आपण होऊन नाणं देते म्हणजे काय? आणि मान्यवर! कंपनीच्या गेटवरचा वॉचमन त्याला "ओ क्लिपवाले, बाजूला घ्या" म्हणायचा. मान्यवर हा शब्द गोरक्षने आजवर फक्त लग्नपत्रिकेत, तेही दुसऱ्यांच्या नावांवर, पाहिला होता.

"आई, नुसतं एक बोट लावतो."

"देवाला बोट लावतं का कुनी?"

"अगं, दुपारपर्यंतच आहे ते."

"दुपारनंतर इटाळतं का चांदीचं नाणं?"

मालक शेडभर येरझाऱ्या घालत राहिला. मंजुषा शांतपणे प्रसादाचे पुडे बांधत होती. तिचं शिक्षण पिंपरीला बी.कॉम.पर्यंत झालेलं, आणि गेली कैक वर्षं मालाची चलनं, बिलं आणि कर तीच सांभाळायची. ती एवढंच म्हणाली, "कंपनी आपलं बिल वेळेवर देत नाही. नाणं कशाला देईल?"

"तू प्रत्येक गोष्टीत शंका घेतेस," गोरक्ष म्हणाला.

नाणं मिळवायचा मान शेजारच्या शेडने घेतला. तिथे साहेबराव मुंगसे लाकडी खोकी बनवायचे. त्यांचीही मोठी कंपनी तीच. त्यांच्याकडे करवतीची पूजा झाली होती, फोन मोकळा होता. ते फोन नाचवतच आले. "गोऱ्या! भरला का रं पत्ता? मी भरला. एक कोड आला, तो बी टाकला. आता कुरियरवाला येतोय बघ."

कुरियरवाला आला नाही. दुपारपर्यंत साहेबरावांचं व्हॉट्सॲप मात्र त्यांना सोडून दुसऱ्या कुणाच्या तरी घरी नांदायला गेलं.

हे उघडकीला आलं दसऱ्याला सकाळी. गोरक्षने विधिवत हार काढून फोन उचलला. साहेबरावांचा निरोप आलेला होता: "प्रिय श्री गोरक्षजी, आपण सहकुटुंब कुशल असाल अशी आशा करतो. आपल्या क्रमांकावर आलेला सहा अंकी कोड कृपया मला पाठवावा."

साहेबराव त्याला शाळेपासून गोऱ्या म्हणायचे. त्याला डेंग्यू झाला तेव्हाही त्यांनी कुशल विचारलं नव्हतं, "मेला नाहीस ना? मग पान्याचा सेट परत दे" म्हणाले होते. मंजुषाने खांद्यावरून वाचलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला. "हे साहेबरावदादा नाहीत. यात एकही शिवी नाही."

तक्रार द्यायला गोरक्ष आणि साहेबराव पोलिसांच्या सायबर कार्यालयात गेले. तिथला माणूस अत्यंत सौजन्याने वागला, याची नोंद करायला हवी. त्याने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, नाव, पत्ता, फोन भरला आणि म्हणाला, "तक्रार नोंदवायला तुमच्या फोनवर एक ओटीपी आलाय. सांगा."

साहेबरावांनी फोन छातीशी धरला. "न्हाई सांगणार."

"अहो, त्याशिवाय तक्रार पुढे जात नाही."

"काल बी असंच म्हणाले होते."

"काका, मी तुमच्यासमोर बसलोय."

"त्या निरोपात तो बी फार गोड बोलत होता," साहेबराव म्हणाले आणि गोरक्षकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "ह्यानं पाणी बी दिलं रं. मला तवाच संशय आला."

गोरक्षने समजावलं, भिंतीवरचा बोर्ड दाखवला, बाहेर उभी असलेली पोलिसांची गाडी दाखवली. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, तोही साहेबरावांनी मुठीतच मारला. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटून, मंगलाष्टकाच्या चालीत, आकडे एकदाचे सांगितले. पुढच्या रकान्यात फसवणूक करणाऱ्याचा संपूर्ण पत्ता विचारला होता. "तो माहिती असता तर इथं आलो असतो का?" हे साहेबरावांचं म्हणणं माणसाला पटलं, पण रकान्याला पटेना. शेवटी तिथे "अज्ञात, परंतु मराठी उत्तम" असं लिहून काम भागलं.

इथवर गोरक्षची बाजू स्वच्छ होती. घोटाळा परतीच्या वाटेवर झाला. चहाच्या टपरीवर इतर शेडवाले जमले होते. त्यांतल्या पुष्कळांनी पत्ता भरलेला होता, आणि कुणीतरी विचारलं, "गोरक्षभाऊ, तुम्ही कसे सुटलात?"

खरं उत्तर "आईने फोनला हार घातला होता" हे होतं. गोरक्षने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "मला भाषा जरा वेगळी वाटली."

त्या दिवसापासून तो या रस्त्यावरचा जाणकार झाला. माणसं फोन घेऊन येऊ लागली. वीजबिलाचा निरोप खरा का? दिवाळीच्या मोफत रिचार्जचं काय करायचं? बँकेचं नाव पुढं, पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त आहे, चालेल का? गोरक्ष भुवया जवळ आणून बघायचा, मग फोन मंजुषाकडे सरकवायचा, तिचं उत्तर ऐकायचा आणि तेच दोन स्वर खाली आणून सांगायचा. यात वाईट काही नव्हतं. सल्ला बरोबर असायचा आणि चहा फुकट मिळायचा.

मंजुषाने स्वतःच्या ऑफिसपुरता एक नियम केला होता आणि तो भिंतीवर चिकटवला होता: आलेल्या फोनवर काही ठरवायचं नाही, जुन्या चलनावरचा नंबर बघून आपण फोन लावायचा, मग ठरवायचं. नियम चोख होता. पण त्यात जाणकाराला काही करायला उरत नव्हतं. गोरक्षला काहीतरी स्वतःचं हवं होतं.

ते त्याला सुचलं शेडच्या दारात. तिथे जेसीबीचं एक पिवळं बकेट पडलेलं होतं. रस्ता करणाऱ्यांनी दात तुटले म्हणून टाकून दिलेलं. ठकुबाईंनी त्यात माती भरून तुळस लावली होती. चाकणपासून तळेगावपर्यंत अशी तुळस दुसरीकडे नव्हती. जो शेडवर येऊन गेला त्यालाच ती माहीत. म्हणजे खरा माणूस कोण हे ओळखायला एक प्रश्न पुरे: आमच्या दारात काय आहे?

"काय डोकं चालवलंय!" साहेबराव म्हणाले. मंजुषा म्हणाली, "जो शेडवर आलाच नाही पण खरा आहे, त्याचं काय?" हा प्रश्न किरकोळ म्हणून बाजूला ठेवण्यात आला.

पहिल्या आठवड्यात प्रश्नाने झाडून सगळ्यांना अडवलं. गॅसवाला नापास झाला. नात्यातले एक काका "दारात काय असणार, चपला" म्हणाले, त्यांचा रुसवा अजून निघालेला नाही. बँकेतल्या बाईंनी "सर, तुम्ही ठीक आहात ना?" असं विचारून फोन ठेवला. पहिल्या झटक्यात पास झाला तो एकटा भंगारवाला. "जेसीबीचं बकेट, भाऊ," तो म्हणाला. "कधी द्यायचं ठरवलंय?"

आणि मग, धनत्रयोदशीच्या आधी, तो फोन आला.

"नमस्कार, मी मिनल बोलतेय. कंपनीच्या परचेसला, खरेदी विभागात, नवीन आलेय. क्लिपांच्या शेड्यूलबद्दल बोलायचं होतं."

आवाज मृदू. मराठी उत्तम. गोरक्ष खुर्चीत सावरून बसला आणि त्याने हाताने सगळ्या शेडला गप्प राहण्याची खूण केली. प्रेस थांबल्या.

"बोला ना मॅडम. आधी एक सांगा. आमच्या दारात काय आहे?"

"कोणाच्या दारात?"

"सापडलीस!" गोरक्ष उभा राहिला. "हे बघ ताई. आवाजावरून चांगल्या घरची वाटतेस. सणासुदीला गरिबांना लुबाडतेस, घरी आईवडील असतील, त्यांना काय वाटेल? अजून वय आहे. सोड हे धंदे. ताथवड्याला एवढी कॉलेजं आहेत, एखादा कोर्स कर."

पलीकडून फोन बंद झाला. शेडमध्ये टाळ्या वाजल्या.

टाळ्या चालू असतानाच मंजुषाने जुन्या चलनावरचा कंपनीचा नंबर लावला, दोन वाक्यं बोलली, ऐकलं, आणि फोन खाली ठेवला. "मिनल काळभोर," ती म्हणाली. "सोमवारपासून आल्यात. ताथवड्यालाच शिकल्यात. पहिल्या आल्या होत्या वर्गात."

गोरक्षने पुढचा दिवस कसा काढला हे त्याचं त्याला माहीत. तो गेटवर माफी मागायला गेला तर वॉचमनने "ओ क्लिपवाले, अपॉइंटमेंट?" विचारलं. त्याने माफीचा निरोप लिहिला. लांब झाला म्हणून खोडला. आखूड केला तर तो चोराचा वाटायला लागला, कारण त्यात "प्रिय" आणि "कृपया" दोन्ही आले होते. साहेबरावांनी सल्ला दिला: बाईंना चांदीचं नाणं पाठव. हा सल्ला त्यांनी मनापासून दिला होता, हे विशेष.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गाडी शेडसमोर थांबली. खाली उतरलेल्या तरुण बाईंनी आधी बकेट बघितलं. मग तुळस बघितली. मग दारात हात जोडून उभ्या असलेल्या गोरक्षला बघितलं.

"हेच का ते?"

"मॅडम, माझं चुकलं. मी..."

"एक मिनिट." मिनल वाकून बकेट निरखत होत्या. "मी परवा वीस-बावीस पुरवठादारांना फोन केला. नवीन नंबरावरून. मी कोण हे एकानेही विचारलं नाही. एकाने तर मी न मागता बँकेचा सगळा तपशील वाचून दाखवला. तुम्ही एकटेच, ज्यांनी मला चोर ठरवलं." त्या हसल्या. "मला फार बरं वाटलं."

गोरक्षच्या डोक्यात हे वाक्य नीट बसेना. मंजुषाने चहा आणला. मिनल यांनी प्रेस पाहिल्या, क्लिपा हातात घेऊन वाकवून पाहिल्या, मंजुषाच्या भिंतीवरचा नियम वाचला आणि तिला विचारलं, "हा कुणी लिहिला?" त्या दोघी बराच वेळ बोलल्या. निघताना त्यांनी सांगितलं: दिवाळीनंतरची पहिली गाडी वेळेवर, ठरल्या गेटवर आली, की वर्षाचं काम तुमचं. "आणि मी फोन केला तरी प्रश्न विचारायचाच. मला सूट नाही."

जाता जाता त्यांनी बकेटाशेजारी गोरक्षला उभं करून फोटो काढला. ही बाई मनाने मोठी होती याबद्दल दुमत नाही. म्हणूनच संध्याकाळी त्यांनी तो फोटो पुरवठादारांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: "दक्षता कशी असावी? दारात काय आहे, हे विचारणारे आमचे गोरक्ष येळवंडे."

अभिनंदनांचा पाऊस पडला. साहेबरावांना नवीन नंबर मिळाला होता. त्यांनी अंगठा, फुलं आणि ट्रॅक्टर पाठवला. गोरक्ष फोटो मोठा करून बघत होता. शर्टाची इस्त्री बरी दिसत होती.

"अहो," मंजुषा म्हणाली, "कुलपाचं कौतुक करताना किल्लीचा फोटो लावलाय त्यांनी. त्या ग्रुपवर शे-दोनशे माणसं आहेत. त्यात साहेबरावदादांचा चोराच्या हाती गेलेला जुना नंबर अजून आहे."

गोरक्षला हे कळत होतं. प्रश्न बदलायला हवा हेही कळत होतं. पण लोक रस्त्यात थांबवून "दारात काय आहे?" म्हणून हात मिळवत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा फोटोखाली आपलं नाव आलेल्या माणसाला ते लगेच पुसून टाक म्हणणं सोपं नाही. "तुळशीच्या लग्नानंतर बदलू," तो म्हणाला.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी पहिली गाडी भरली. बबनरावांचा टेम्पो, ताडपत्री बांधलेली, चलन मंजुषाच्या सहीचं. क्लिपा इतक्या चोख होत्या की एरवी तक्रारीला जागा शोधणाऱ्या बबनरावांनीही "माल भारी निघालाय, राव" म्हटलं. बबनरावांनी इंजिन चालू केलं, आणि गोरक्षचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"गोरक्षसर, मिनल बोलतेय. घसा बसलाय, आवाज ओळखू येणार नाही. कंपनीने नवीन फोन दिलाय. ऐका, आज गेटवर काम चालू आहे. गाडी तळेगाव रस्त्याच्या नवीन गोडाऊनला पाठवा. पत्ता पाठवते. सहाच्या आत पोचली पाहिजे, नाहीतर उद्या कंपनीची असेंब्ली लाइन थांबेल."

गोरक्षने छाती पुढे काढली. "मॅडम, दारात काय आहे?"

"जेसीबीचं पिवळं बकेट," पलीकडून ताबडतोब उत्तर आलं. "त्यात तुळस."

गोरक्षने सवयीने दाराकडे पाहिलं.

ठकुबाईंनी आदल्या संध्याकाळी नातवाचं लग्न असावं अशा उत्साहाने बकेटाला गेरू फासला होता. वर चुन्याचे ठिपके, चारी बाजूंना ऊस, तुळशीला हिरव्या बांगड्या आणि मुंडावळ्या. पिवळ्याचा ठिपकाही उरला नव्हता. उत्तर कालपर्यंत बरोबर होतं. खऱ्या मिनलने बकेट पाहिलं तेव्हा ते पिवळं होतं. फोटो बघणाऱ्या चोरालाही ते पिवळंच दिसणार.

"जरा थांबा," तो फोनवर म्हणाला आणि हाताने माईक झाकला. "मंजू, बरोबर आलं. पण चूक आहे. म्हणजे बरोबर आहे, पण..."

मंजुषा आधीच चलनावरचा नंबर लावत होती. या गोष्टीत तिच्या आवाजाला एकदाही कंप सुटला नाही, आता तरी कशाला सुटेल. "परचेसच्या मिनल मॅडम... हो. जागेवर नाहीत? आज आल्यात का? आल्यात. गेटवर काही काम चालू आहे का? तुम्हाला माहीत नाही, बरं. त्या आल्या की लगेच याच नंबरवर फोन करायला सांगा. लगेच. आम्ही गाडी हलवत नाही."

"हलवत नाही?" गोरक्ष कळवळला. "अगं, खऱ्या असल्या तर? पहिलीच गाडी उशिरा! वर्षाचं काम जाईल."

"आणि खऱ्या नसल्या तर माल जाईल आणि कामही जाईल. थांबायचं."

साहेबराव धावत आले होते. "निम्म्या क्लिपा तिकडं धाड, निम्म्या हिकडं."

"एका टेम्पोत?"

"ते बघा तुमी."

गोरक्ष टेम्पोकडे बघत राहिला. महिनाभर जे जाणकारपण तो अंगावर मिरवत होता ते कुठे ठेवावं ते त्याला कळेना. मग त्याने भिंतीवरचा नियम पाहिला, बायकोकडे पाहिलं, आणि स्वतः जाऊन बबनरावांच्या टेम्पोच्या दारावर थाप मारली. "बबनराव, हलायचं नाही. मंजू सांगेल तेव्हा." जाणकार म्हणून त्याने दिलेला हा पहिला संपूर्ण स्वतःचा निर्णय, आणि तो उत्तम होता.

फोन अजून चालूच होता. "सर? निघाली का गाडी?"

ठकुबाई उसाचा मांडव सरळ करत होत्या. त्यांनी मान वर केली. "त्या बाईला म्हनावं, सांच्याला लगीन हाय. ये. दारात काय हाय ते सोताच्या डोळ्यानं बघ आन् गाडी घिऊन जा."

गोरक्षने ते शब्दशः सांगितलं. पलीकडे थोडा वेळ घरघर ऐकू आली.

"येते," आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

याला आता बराच वेळ झाला आहे. कंपनीतून उलटा फोन आलेला नाही. अंतरपाट तयार आहे, अक्षता वाटून झाल्या आहेत, टेम्पो दारात इंजिन चालू ठेवून उभा आहे आणि बबनरावांनी अजून कुठल्याच बाजूचा इंडिकेटर दिलेला नाही. साहेबराव रस्त्यावर पहारा करत आहेत. फाट्यावरून एक पांढरी गाडी शेडकडे वळलेली त्यांना दिसली आहे. काचा वर आहेत. आत कोण आहे ते अजून कळलेलं नाही.